आधी त्याचा 'नको' ऐका

मराठीत 'नाही' आणि 'नको' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'नाही' म्हणजे ती गोष्ट नाहीच. 'नको' म्हणजे ती आहे, तुम्ही ती मला देताय आणि मला ती घ्यायची नाही. ऑटिस्टिक मुलांना शिकवायला लागून मला १९ वर्षं झाली. त्यातली पहिली सात वर्षं मी मुलांचा 'नको' मोडत होते.

तेव्हा आमच्याकडे एक छोटं टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या असत. मुलाची खुर्ची भिंतीच्या बाजूला, म्हणजे त्याला उठून जाता येऊ नये. मी कपाळावर मुद्दाम मोठी टिकली लावायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडे बघ." बघितलं की जेम्सची एक गोळी. हात फडफडवले की "हात खाली". तरी थांबला नाही तर ते हात मांडीवर दाबून धरायचे. वहीत खुणा करायच्या आणि २० पैकी १६ वेळा बघितलं की आईला आनंदाने दाखवायच्या. या पद्धतीचं मूळ अमेरिकेत, मानसशास्त्रज्ञ इवार लोव्हास यांच्या कामात आहे. १९८७ साली त्यांनी १९ लहान मुलांवरचा अभ्यास छापला. आठवड्याला ४० तास शिकवणी, आणि चुकलं तर मोठ्याने 'नो' आणि मांडीवर चापट, हेही त्यात होतं. चापट आता बहुतेक ठिकाणी गेली. मूल सांगितलेलं ऐकतं का, ही मोजपट्टी मात्र तशीच राहिली.

माझे डोळे उघडले ते एका १२ वर्षांच्या मुलीमुळे. माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. ओळखीतल्या एका माणसाने तिला जवळ ओढलं. ती ओरडली नाही, पळाली नाही. तिने हात खाली ठेवले आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिची आई वेळेवर खोलीत आली म्हणून बरं. मोठ्या माणसाने सांगितलं की शरीर त्याच्या हवाली करायचं, हे तिला मीच शिकवलं होतं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे माणसांचे मेंदू मुळातच वेगवेगळ्या घडणीचे असतात हे मानणं. हे मानून थेरपी करायची, शाळा चालवायची, तर रोज नेमकं काय करायचं, एवढंच इथे लिहिते आहे.

पहिले पंधरा दिवस फक्त वही

कुठल्याही थेरपीचे पैसे भरण्याआधी एक शंभर पानी वही घ्या. वेळ लिहा, त्याआधी काय घडलं ते लिहा, आवाज कुठले होते, वास कसला होता, घरात कोण होतं, आणि मग मुलाने काय केलं. 'हट्ट', 'त्रागा', 'नाटक' हे शब्द वहीत आणायचे नाहीत, कारण ते आपलं मत आहे. एका घरातली नोंद सांगते: "संध्याकाळी ७, कुकरची तिसरी शिट्टी, कानांवर हात, डोकं भिंतीवर." अशाच चार नोंदी चार दिवस आल्या. त्या बाईंनी कुकर मुलगा खाली खेळायला जातो तेव्हा लावायला सुरुवात केली आणि डोकं आपटणं त्या आठवड्यात थांबलं. त्या घरात त्याआधी सहा महिने 'वर्तन सुधारणे' चालू होतं.

आवाज, स्पर्श, उजेड, वास यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हा ऑटिझमचाच भाग आहे. २०१३ पासून निदानाच्या निकषांतही तो आहे. तेव्हा कॉलरचं लेबल कापून टाका, नवा गणवेश चार वेळा धुऊन मग घाला, खोलीतली भकभकणारी ट्यूब बदला. अंगाला जोर लागणारं काम बऱ्याच मुलांना शांत करतं: कणीक मळणं, पाण्याची कळशी उचलणं, बाजारातून बटाट्याची पिशवी आणणं. जड गोधडीही चालते, फक्त ती त्याला स्वतः बाजूला करता आली पाहिजे.

एक गोष्ट मात्र वहीत अडकवून ठेवू नका. वागणं अचानक बदललं, झोप उडाली, मूल स्वतःला मारायला लागलं, तर आधी डॉक्टर. दात, कान, बद्धकोष्ठ तपासून घ्या. फिट्सचं प्रमाण ऑटिस्टिक लोकांत इतरांपेक्षा जास्त असतं, तेही विचारा. दाढ दुखणाऱ्या मुलाला आम्ही स्टिकर देत बसलो होतो, हे मी पाहिलेलं आहे.

'नको' हातात कसा द्यायचा

पत्त्याएवढा जाड कागद घ्या. त्यावर आडवा तळवा काढा आणि खाली ठळक 'नको' लिहा. तीन प्रती करा: जेवायच्या जागी, अभ्यासाच्या जागी, आणि एक तुमच्या ओढणीला किंवा खिशाला पिनेने.

सुरुवात त्याला थोडीशीच न आवडणाऱ्या वस्तूने करा, फार त्रास देणाऱ्या नव्हे. कारल्याची एक काप पुरे. ती पुढे करा. तो तोंड फिरवेल किंवा हात झटकेल. त्याच क्षणी तुम्ही स्वतःच्या बोटाने कार्डाला हात लावा, "नको" म्हणा आणि काप लगेच उचला. त्याचा हात धरून कार्डावर ठेवायचा नाही. त्याने बघायचं, करून दाखवायचं तुम्ही. दिवसातून पाच-सहा वेळा, साध्या साध्या प्रसंगी. काही मुलं तिसऱ्या दिवशी कार्ड वापरतात, काहींना दोन महिने लागतात. तोवर तोंड फिरवणं हाच त्याचा 'नको', आणि तुम्ही तो शब्दात म्हणायचा: "नको म्हणालास. ठेवते बाजूला."

पहिला महिनाभर प्रत्येक 'नको' पाळा. कार्ड दाखवून काही होत नाही असं त्याला एकदा कळलं की तो पुन्हा चावण्याकडे जाईल, कारण चावलं की सगळे थांबतात. 'नको' रुळला की शेजारी 'बास', 'थांब', 'मदत' आणि 'परत' ठेवा.

इथे प्रत्येक आजी-आजोबांचा प्रश्न असतो: मग हा दात घासणारच नाही, औषध घेणारच नाही, रस्त्यावर हात सोडून पळेल. प्रश्न खरा आहे. घरात बसून तीन-चार गोष्टींची यादी करा ज्यांत 'नको' चालणार नाही. आमच्याकडे औषध, रस्ता, गॅस एवढंच होतं. या गोष्टी विचारायच्या नाहीत, सांगायच्या. "औषध घेतोस का?" असं विचारून त्याने नको म्हटल्यावर नाक दाबून पाजणं, ही फसवणूक झाली. "औषध घ्यायचंय. चमच्याने की सिरिंजने? ओट्यावर बसून की माझ्या मांडीवर?" असं सांगा. 'काय' हे ठरलेलं असलं तरी 'कसं' त्याच्याकडे राहू द्या. दात घासणं मी या यादीत धरत नाही. तिथे पेस्टची चव, ब्रशचे केस, पाण्याचा थंडपणा एकेक बदलून बघायला वेळ मिळतो.

मग पाहुणे. "मामाला पापा दे", "काकूंच्या पाया पड". मूल मागे सरकलं की आपण त्याला हसत पुढे ढकलतो. ते ढकलणं बंद करा. "तो हात हलवून नमस्कार करतो" असं आईने ठामपणे म्हटलं की मामा दोन मिनिटं रुसतो आणि चहा पितो. पानातल्या अन्नालाही हेच लागू. 'पानात टाकायचं नाही' हा आपल्या घरांतला जुना संस्कार आहे, मीही त्यातच वाढले. पण ज्या मुलाला भेंडीचा बुळबुळीतपणा उलटी आणतो, त्याच्या पानात भेंडी वाढून आपण त्याला जेवणाचीच भीती घालतो. वरणभात, त्याच ब्रँडची बिस्किटं, सोललेलं सफरचंद, त्याचं जे चालतं ते पानात असू द्या. नवीन पदार्थ वेगळ्या वाटीत, हात न लावताही चालेल असा. आणि चालणाऱ्या पदार्थात औषध किंवा भाजी लपवू नका. एकदा सापडली की तो पदार्थही गेला.

बोलणं म्हणजे तोंडाने बोलणंच नव्हे

चित्रावर बोट ठेवलं की तो शब्द मोठ्याने बोलणारं ॲप टॅबलेटवर घालता येतं. "टॅबलेट दिला तर बोलायचा आळस करेल" हे मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. २००६ साली यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा छापला गेला. चित्रं, खुणा किंवा यंत्र वापरल्याने बोलणं कमी झाल्याचं त्यात एकही उदाहरण नव्हतं, बहुतेकांचं थोडं वाढलंच होतं. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' आणि आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' ही दोन्ही ॲप मराठीत वापरता येतात. त्यातलं जेलो फुकट आहे. टॅबलेट दिला तर तो दिवसभर त्याच्याजवळ हवा. शिक्षा म्हणून काढून घेणं म्हणजे तोंडावर हात ठेवणं. "सफरचंद कुठंय, दाखव" अशा परीक्षा त्यावर घेऊ नका. तुम्ही स्वतः त्यावर बोला, तो बघून शिकेल. फक्त कुणी मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरं टाइप करून घेत असेल, तर तिथून उठा. उमटणारे शब्द मुलाचे असतात याचा पुरावा नाही.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणाऱ्या मुलांबद्दल मला विशेष माया आहे. माझ्याकडे एक सात वर्षांचा मुलगा होता. दिवसभर लोकलमधली घोषणा: "पुढील स्थानक दादर." आम्ही कित्येक महिने "नको ते बोलू नकोस" म्हणून त्याला अडवलं. त्याच्या आजोळी जाताना दादरला उतरावं लागतं, हे आईने सहज सांगितलं तेव्हा मी मागच्या नोंदी काढल्या. पाहुणे जास्त झाले, वर्ग लांबला, कुणी ओरडलं, की दादर. "मला इथून निघायचंय" हे तो चोख मराठीत सांगत होता. अशा वाक्याची नोंद ठेवा: कधी म्हटलं, मूळ कुठे ऐकलं, तेव्हा त्याला काय वाटत असेल. मग त्याच्या वाक्याला उत्तर द्या आणि शेजारी एक सोपं वाक्य ठेवून द्या: "निघायचंय. चल, निघू या." पाठ करून घेऊ नका.

थेरपी केंद्रात काय बघायचं

पाटीवर एबीए (वर सांगितलेली, बक्षीस देऊन वागणं बदलायची पद्धत) आहे, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आहे की 'प्ले-बेस्ड', म्हणजे खेळातून, आहे, यावर जाऊ नका. तास बघायला बसू द्या म्हणा. "आई समोर असली की मूल काम करत नाही, तुम्ही बाहेर थांबा" असं सांगून दार लावून घेत असतील तर त्या केंद्रात मूल ठेवू नका. मी स्वतः सात वर्षं ते दार लावत होते, म्हणून सांगते.

बसलात की मुलाकडे बघा. ते उठून दारापर्यंत जाऊ शकतं का? हात फडफडवले तर कुणी अडवतं का? त्याने वस्तू ढकलली तर पुढच्या मिनिटाला काय होतं? बाईंना थेट विचारा, "तो नको म्हणाला तर तुम्ही काय करता?" "आम्ही लक्ष देत नाही, दहा वेळा केलं की सवय होते" हे उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. "थांबतो, काय अडलं ते बघतो, दुसऱ्या पद्धतीने विचारतो" असं आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला जा. 'सहा महिन्यांत नॉर्मल करू' म्हणणारे, ऑटिझमसाठी स्टेम सेल किंवा शरीरातले जड धातू काढायचे उपचार विकणारे, यांच्याकडे जाऊच नका. उपयोग सिद्ध नाही आणि धोका खरा आहे.

मग त्यांचा ध्येयांचा कागद मागा, ज्याला सगळे आयईपी म्हणतात, आणि पेन घेऊन बसा. माझ्या जुन्या फायलीतलं एक ध्येय आहे: 'विद्यार्थी ३० सेकंद नजरेला नजर देईल.' बऱ्याच ऑटिस्टिक मोठ्या माणसांनी सांगितलंय की डोळ्यांत बघायचं तर ऐकणं सुटतं. ते ध्येय मी आता असं लिहिते: 'कुणाचं लक्ष हवं असेल तेव्हा ते मिळवायची स्वतःची रीत त्याच्याकडे असेल, मग ती खांद्यावर टिचकी असो, कार्ड असो की हाक.' दुसरं होतं, 'हात फडफडवणं ८० टक्के कमी होईल.' ते मी खोडलंच. फडफडण्याने कुणाला इजा होत नाही, आणि त्यावरून मला कळतं की तो खूश आहे की घाबरला आहे. तिसरं, 'गटात २० मिनिटं बसेल.' त्याचं झालं, 'गट नकोसा झाला की सांगून बाहेर जाईल आणि वाटलं तर परत येईल.' हे पूर्ण व्हायला आठ महिने लागले, आणि त्यानंतर तो गटात पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायला लागला. ज्या ध्येयाचा फायदा फक्त बघणाऱ्यांना होतो ते खोडा.

तासांचंही बोला. चार वर्षांच्या मुलाला शाळा, मग ओटी, मग स्पीच, मग घरी गृहपाठ. त्याने मातीत कधी खेळायचं?

शाळेत

मुख्याध्यापकांकडे जाताना लेखी अर्ज घेऊन जा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि गरजेप्रमाणे सोयी करायच्या. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा तुम्ही निवडाल त्या विशेष शाळेत. प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही चाचणी होते. ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा जास्त आली की ऑटिझम धरतात. ते गुण सरकारी कागदासाठी आहेत, ते कमी करणं हे कुणाचंही ध्येय असू नये. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. तो अर्ज करून टाका.

वर्गशिक्षिकेशी मात्र कायद्याच्या भाषेत बोलू नका. त्यांच्याकडे ६० मुलं असतात. एक पानभर लिहून द्या, मोजक्या मागण्या: घंटेखालचा बाक नको. परिपाठाला तो रांगेच्या टोकाला उभा राहील, राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आधी त्याला खूण करा. तास बदलला तर सकाळीच फळ्यावर लिहा. त्याच्या दप्तरातलं पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं व्हरांड्यात जाऊन येणार, कारण विचारू नका.

आणि आपली मराठी जरा तपासायला सांगा. "जरा थांब" म्हणजे किती? "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही, हे त्याला कुणी सांगितलं आहे का? एका मुलीने मला विचारलं होतं, "बाई, तुम्ही चाललाय, मग 'येते' का म्हणता?" तिचं बरोबर होतं. "खिडकीपाशी बसलास तर आवडेल का रे?" यापेक्षा "खिडकीपाशी बस" हे वाक्य तिला आदराचं वाटतं, कारण ते कळतं.

वर्गातल्या बाकीच्या मुलांना शिकवणं विसरू नका. समजुतीचा अडथळा दोन्ही बाजूंनी असतो, हे डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं. २०२० च्या एका प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी गोष्ट पुढे सांगायला लावली. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. म्हणजे संवाद येत नाही असं नाही. मी वर्गात मुलांना एवढंच सांगते: तो तुमच्याकडे न बघता ऐकतो, त्याला पाठीमागून हात लावू नका, खेळायला बोलवा, आणि नको म्हणाला तर उद्या पुन्हा बोलवा. मुलींकडे जास्त लक्ष द्या. शाळेत सगळ्यांसारखं वागून दाखवणारी मुलगी घरी येऊन दोन तास रडत असेल तर शाळेत 'काहीच प्रॉब्लेम नाही' हे खरं नसतं.

दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्यासाठी शाळेमार्फत अर्ज करावा लागतो, नववी संपतानाच विचारपूस सुरू करा.

गणपतीत ढोलपथक गल्लीतून जाणार असेल तर मंडळाकडून वेळ आधी विचारून घ्या. कारखान्यात वापरतात ते इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते मूल शांत असताना आधी घालून बघा. मिरवणुकीत मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, झालाच तर बोलणं बंद करा, गर्दी हटवा, त्याला धरू नका, फक्त डोकं आणि रस्ता सांभाळा. समजावणं नंतरही करू नका, त्या दिवशी पाणी आणि झोप.

ज्यांनी आधी जबरदस्ती केली आहे त्यांनी मुलाला तसं सांगावं. त्याला कळेल की नाही हा विचार करू नये. मी दादरवाल्या मुलाला सांगितलं. जमिनीवर त्याच्या शेजारी बसले, समोर नाही. म्हटलं, "मी तुझे हात दाबून धरत होते. ते चुकलं. आता धरणार नाही." तो भिंतीकडे बघत झाकण फिरवत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "पुढील स्थानक दादर." मी उठून दार उघडलं. तो व्हरांड्यात जाऊन आला आणि मग पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसला.